गाठ आत की बाहेर?

वृषणाचा कर्करोग एकूण कर्करोगांत विरळा असला, तरी तो प्रामुख्याने 15 ते 35 या ऐन उमेदीच्या वयात गाठतो. बहुधा न दुखणाऱ्या टणक गाठीच्या रूपाने तो प्रथम जाणवतो, आणि दुखत नाही म्हणून, शिवाय सांगायची लाज वाटते म्हणून, महिनेच्या महिने वाया जातात. 1974 मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन या औषधाचा समावेश असलेले उपचार सुरू केल्यापासून पसरलेला रोगही बरा होऊ लागला असल्याने हा विलंब अधिकच जिव्हारी लागतो.

निदानाची पहिली पायरी म्हणजे सोनोग्राफी. मांड्यांमध्ये टॉवेलची घडी ठेवून अंडकोष वर उचलून धरतात आणि जेल लावून त्यावरून प्रोब फिरवतात. ध्वनिलहरींची कंपने जितकी अधिक तितके चित्र बारकाईचे, पण लहरींची पोच उथळ. वृषण त्वचेलगतच असल्याने येथे सेकंदाला 70 लाख ते दीड कोटी किंवा त्याहूनही अधिक कंपनांच्या लहरी वापरता येतात. निरोगी वृषण पडद्यावर बारीक रव्यासारखे, सर्वत्र सारख्या करड्या छटेचे दिसते. सेमिनोमा या प्रकारची गाठ त्यात सहसा एकजिनसी काळपट डागासारखी उठून दिसते, तर इतर प्रकारांत पोकळ्या आणि कॅल्शियमचे पांढरे ठिपके मिसळून चित्र ओबडधोबड होते. हायड्रोसीलच्या, म्हणजे वृषणाभोवती साचलेल्या पाण्याच्या, आड दडलेली आणि हाताला न लागणारी गाठही सापडते, कारण पाण्यातून ध्वनी विनासायास पार होतो.

मात्र या तपासणीचे खरे मोल एका प्रश्नाच्या उत्तरात आहे: गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर? बाहेरच्या, म्हणजे अधिवृषणातील (वृषणामागच्या शुक्राणूंच्या नलिकेतील) वा आवरणांतील, गाठी बहुतांशी निरुपद्रवी असतात. आतील भरीव गाठ मात्र, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, कर्करोगाचीच मानली जाते. सोनोग्राफीच्याच डॉप्लर पद्धतीने गाठीतील रक्तप्रवाह रंगांत दिसतो, परंतु वृषणाला सूज आली तरी तो वाढतो, त्यामुळे केवळ रंगांवरून निवाडा करणे धोक्याचे ठरते.

अशा संशयित गाठीत अंडकोषातून सुई घालून तुकडा काढत नाहीत. वृषणातील लसीका (ऊतींमधून वाहणारा पातळ द्रव) पोटात, मूत्रपिंडांच्या पातळीवरील ग्रंथींकडे जाते, तर अंडकोषाच्या त्वचेची लसीका जांघेतील ग्रंथींकडे. सुईमुळे रोगाला ही दुसरी वाट मोकळी होऊ शकते. म्हणूनच एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्तचाचण्यांनंतर, अंडकोषाला हात न लावता, जांघेत छेद घेऊन वृषण त्याच्या रज्जूसह काढले जाते.