मनाजोगती तलवार : विशेषणे आणि क्रियापदे

शस्त्रांची आवड असणाऱ्या मंडळींत एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. कुशल कारागीर हाताशी आहे आणि द्रव्याची चिंता नाही, अशा स्थितीत स्वतःसाठी तलवार घडवून घ्यावयाची झाल्यास ती कशी असावी? या प्रश्नाची उत्तरे बहुधा विशेषणांच्या रूपाने येतात. तलवार लांब असावी, पण हलकी असावी. तिची धार कठीण असावी, पण पाते लवचीक असावे. ती छाटण्यास उत्तम असावी आणि भोसकण्यासही तितकीच उपयोगी पडावी. यांतील प्रत्येक अपेक्षा सुटी पाहिली असता रास्त आहे. त्या सर्व अपेक्षा एका पात्यात मात्र पूर्णत्वाने नांदू शकत नाहीत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण सर्वपरिचित आहे. एका पात्यात दोन तलवारी राहत नाहीत, असे म्हणणेही तितकेच यथार्थ ठरेल.

तलवार घडविणाऱ्यांना व वापरणाऱ्यांना हा विरोध पूर्वीपासून ठाऊक होता, आणि त्यांच्या शब्दांत त्याची खूण उमटलेली आहे. ही खूण कोठे व कशी सापडते, हे प्रस्तुत लेखात पहावयाचे आहे.

प्रथम नामांचा विचार करू. मराठीतील ‘तलवार’ हा शब्द संस्कृत ‘तरवारि’ या शब्दापासून आलेला आहे. आज तो सर्व जातींच्या लांब पात्यांना सरसकट लावला जातो. संस्कृतातील ‘असि’ हा याहून पुष्कळच जुना. लॅटिनमधील ‘एन्सिस’ हा त्याचा सगोत्र होय. फार्सीच्या द्वारे ‘समशेर’ व ‘तेग’ हे शब्द आले. अमरकोशात खड्गाचे पर्याय म्हणून निस्त्रिंश, चंद्रहास, असि, रिष्टि, कौक्षेयक, मंडलाग्र, करवाल आणि कृपाण हे शब्द एकत्र दिलेले आहेत. पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्यास हे सर्व शब्द समानार्थी वाटतात. त्यांची फोड केली असता निराळेच चित्र दिसते. ‘निस्त्रिंश’ म्हणजे तीस अंगुळांहून अधिक, ही पारंपरिक व्युत्पत्ती लांबी सांगते. ‘मंडलाग्र’ म्हणजे ज्याचे अग्र गोलाकार आहे असे. हा शब्द टोकाचा आकार सांगतो. ‘कौक्षेयक’ म्हणजे कुशीशी बाळगण्याचे. हा शब्द शस्त्र वागविण्याची रीत सांगतो. ‘चंद्रहास’ हा शब्द पात्याच्या तेजाकडे बोट दाखवितो. कोशकाराने ज्यांना पर्याय म्हणून एका ओळीत बसविले, त्यांतील कित्येक शब्द अशा रीतीने एकेका गुणाचे वर्णन आहेत. शब्द पर्याय झाले आणि त्यांतील माप व आकार विस्मृतीत गेले, इतकेच काय ते घडले.

यांतील ‘मंडलाग्र’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. ज्याचे टोक गोलसर आहे ते पाते खुपसण्यासाठी केलेले नाही, हे त्या एका शब्दात आलेच. भोसकण्यासाठी पाते निमुळते व ताठ लागते. ते वाकले तर टोकावर दाब राहत नाही. म्हणून त्याचा मध्यभाग जाड ठेवावा लागतो. छाटण्यासाठी पाते रुंद व धारेकडे पातळ असलेले बरे, कारण जाड पाते मांसात वा कापडात रुतते. पाते जाड करावे तर छाट मंदावते आणि पातळ करावे तर टोकाचा ताठपणा जातो. मध्यममार्ग आहेत, आणि चांगले कारागीर ते काढीत आले आहेत. परंतु मध्यममार्ग म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडेथोडे सोडणे होय. काहीही न सोडता दोन्ही पदरात पाडून घेणे शक्य नाही.

बाकदार तलवारीची मूठ याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उत्तर हिंदुस्थानात व दख्खनेत सर्वत्र आढळणाऱ्या या मुठीच्या टोकास एक चकती असते. तिला कटोरी म्हणतात. हात पुढे लांबवून भोसकण्याचा प्रयत्न केल्यास ही चकती मनगटास टोचते. हात कोपरातून व खांद्यातून फिरवून, पाते ओढत वार केल्यास तीच चकती हाताला आधार देते. मूठ आतून आखूड असल्याने जुन्या तलवारी पाहणाऱ्या अनेकांनी असा तर्क केला, की त्या काळच्या माणसांचे हात लहान असावेत. मूठ हातात घट्ट बसावी, तलवार व बाहू एकजीव होऊन फिरावेत, हा तिच्या रचनेचा हेतू लक्षात घेतला म्हणजे या तर्काची गरज उरत नाही. पट्ट्यात हाच विचार शेवटास नेलेला आहे. तेथे हात कोपराच्या दिशेने वर गेलेल्या लोखंडी आवरणात बंदिस्त असतो आणि मूठ पात्याला आडवी असते. मनगटाची हालचाल जवळजवळ संपते. त्या मोबदल्यात हाताला संरक्षण आणि वाराला संपूर्ण बाहूचे बळ मिळते.

आता कठीणपणा व चिवटपणा यांचा प्रश्न. मराठीत शस्त्राला पाणी देतात अथवा पाजतात. पोलादाचे पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकाएकी थंड केले असता ते अतिशय कठीण होते. पण त्याच वेळी ठिसूळही होते. त्यानंतर त्यास पुन्हा २०० ते ३०० अंशांपर्यंत सौम्य ताव दिला की काही कठीणपणा कमी होऊन त्या मोबदल्यात चिवटपणा येतो. धार जितकी कठीण तितकी ती अधिक काळ टिकते, आणि तितकाच तिचा तुकडा उडण्याचा संभव वाढतो. जपानी कारागिरांनी पात्याच्या पाठीवर मातीचा जाड व धारेवर पातळ लेप देऊन ते विझविण्याची युक्ती काढली. त्यामुळे धार लवकर थंड होऊन कठीण होते आणि पाठ मऊ राहते. येथेही किंमत द्यावी लागतेच; असे पाते फारसे लवचीक नसते, आणि एकदा वाकले म्हणजे वाकलेलेच राहते.

संस्कृतात या क्रियेला ‘पान’ म्हणजे पिणे म्हटले आहे. ‘शस्त्रपान’ म्हणजे शस्त्राला पाजणे. मराठीतील ‘पाणी’ हा शब्द ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगे, यापासून आला आहे. तो त्याच धातूचा. फार्सीतील ‘आब’ या शब्दाचेही पाणी, तेज आणि शस्त्राची धार असे अनेक अर्थ आहेत. ‘आबदार’ हे विशेषण त्यापासून झाले, आणि मराठीत रुळलेला ‘अब्रू’ हा शब्दही मूळचा ‘आबरू’ म्हणजे चेहऱ्याचे पाणी होय. मराठीत पाणीदार मोती असतो, पाणीदार घोडा असतो, पाणीदार माणूसही असतो. एखाद्याचे पाणी जोखले जाते, ते उतरतेही. लोहाराच्या भट्टीतील एक क्रिया मनुष्याच्या स्वभावापर्यंत येऊन पोचली, याचे कारण त्या क्रियेत एक मर्म आहे. पाणी अधिक झाले तर पाते तडकते आणि कमी झाले तर ते बोथटते. पाणीदारपणा हा त्या दोहोंमधील योग्य प्रमाणाचा गुण आहे.

पोलादाच्या बाबतीतही भाषेने बारकावे राखले होते. लोखंडाहून वेगळ्या अशा या कठीण धातूला जुन्या मराठीत ‘तिखे’ म्हणत. हा शब्द ‘तीक्ष्ण’ यापासून आलेला आहे. पुढे फार्सीतून आलेल्या ‘पोलाद’ या शब्दाने त्यास मागे सारले. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत तयार होणारे पोलाद इंग्रजी ग्रंथांत ‘वूट्झ’ या नावाने ओळखले जाते. जॉर्ज पिअर्सन याने १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध सादर केला. हे नाव सामान्यतः कन्नडमधील ‘उक्कु’ या शब्दाशी जोडले जाते. या पोलादात कार्बनचे प्रमाण एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान, बहुधा दीड टक्क्याच्या आसपास असे. त्याच्या पात्यावर जी लहरींसारखी नक्षी उमटते तिला ‘जौहर’ म्हणत. आजच्या हौशी मंडळींच्या मनातील तलवारीवर ही नक्षी बहुधा असतेच. ती शोभेसाठी वरून कोरलेली नसून धातूच्या घडणीतून आपोआप दिसू लागलेली असते, ही गोष्ट मात्र पुष्कळदा ध्यानात राहत नाही.

ग्राहकाच्या इच्छेनुसार तलवार घडविण्याची कल्पनाही नवी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गलक्षणावर एक स्वतंत्र अध्याय आहे. पन्नास अंगुळांचे खड्ग उत्तम व पंचवीस अंगुळांचे कनिष्ठ, असे माप त्यात सांगितले आहे. त्याच ठिकाणी शस्त्रपानाचे प्रकार धारकाच्या इच्छेप्रमाणे निरनिराळे दिले आहेत. उज्ज्वल ऐश्वर्य इच्छिणाऱ्याने रक्ताने, गुणी पुत्र इच्छिणाऱ्याने तुपाने आणि अक्षय धन इच्छिणाऱ्याने पाण्याने शस्त्र विझवावे, असा त्याचा आशय आहे. फलश्रुती बाजूस ठेवली तरी एक गोष्ट उरते. तेथे प्रथम धारकाला काय हवे हे विचारले आहे, आणि घडण त्यानंतर ठरली आहे.

त्याच अध्यायातील आणखी एक नियम असा, की तयार झालेले खड्ग लांब वाटले तरी ते तोडून आखूड करू नये; घासूनच ते मापाला आणावे. मुळाशी तोडल्यास धन्याचा व अग्राशी तोडल्यास त्याच्या मातेचा मृत्यू ओढवतो, असे भय घातलेले आहे. हे भय श्रद्धेचा विषय आहे. परंतु नियमामागे कारागिरीचे शहाणपण असणे संभवनीय आहे. चांगले पाते मुठीपासून टोकाकडे क्रमाक्रमाने पातळ होत गेलेले असते. साधारण तलवारीचे वजन एक किलोच्या आसपास असले, तरी ते हातास हलके लागते की जड, हे तराजूवर ठरत नाही. ते वजन पात्यात कसे वाटले गेले आहे, यावर ठरते. टोकाकडील थोडेसे वजन मुठीजवळच्या पुष्कळ वजनाला भारी पडते. पात्यावरील पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे. ती वास्तविक ताठपणा फारसा न गमावता वजन कमी करण्यासाठी असते. अशा पात्याचा तुकडा कोठूनही काढला की त्याचा सगळा तोल बदलतो. मनात तलवार रचणाऱ्याने लांबीचा आकडा सहज दोन बोटे वाढवावा वा घटवावा, असे हे काम नाही.

मराठ्यांच्या शस्त्रागारात या सर्व विचाराचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘फिरंग’ होय. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व इतर यूरोपीय व्यापाऱ्यांमार्फत सरळ, लांब पाती या देशात येऊ लागली. त्यांवर देशी मूठ बसविली जाई. बोटांना झाकणारे रुंद आवरण आणि मुठीच्या डोक्यावरून पुढे निघालेला, गरज पडल्यास दुसऱ्या हाताने धरावयाचा दांडा, अशी या मुठीची ठेवण असते. मुठीपासून पात्यावर उतरलेल्या पट्ट्यांमध्ये पाते धरून ते खिळ्यांनी पक्के करीत. बाकदार तलवारीच्या पोकळ लोखंडी मुठीत तर पात्याचा निमुळता शेवट तापविलेल्या लाखेने वा राळेने बसवीत. म्हणजे पाते व मूठ ही येथे दोन स्वतंत्र निवडी होत्या, आणि धारक आपल्या गरजेप्रमाणे त्या जुळवून घेऊ शकत असे.

‘फिरंग’ हा शब्द मुळात फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फार्सीद्वारे आलेला. प्रथम तो उगम दर्शवीत होता. पुढे तो शस्त्राची एक जात दर्शवू लागला, आणि त्या धाटणीच्या देशी पात्यांनाही लागला. या अर्थांतराचा प्रत्यक्ष पुरावा एका पात्यावरच आहे. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२५ साली लंडनमधील लिलावातून महाराष्ट्र शासनाने मिळविली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणण्यात आली. तिचे पाते सरळ, एकधारी व यूरोपीय बनावटीचे असून मूठ मुल्हेरी पद्धतीची, सोन्याच्या नक्षीची आहे. पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव, त्यांचा ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि अखेरीस ‘फिरंग’ हा शब्द आहे. कोरणाऱ्याने तेथे ‘तलवार’ असे लिहिले नाही. हातातील शस्त्र कोणत्या जातीचे आहे हे त्याला ठाऊक होते, आणि ते सांगण्यास त्याच्या भाषेत नेमका शब्द होता.

आज हे नेमके शब्द मागे पडत आहेत. खांडा, धोप, फिरंग, पट्टा या साऱ्यांच्या जागी पुष्कळदा ‘तलवार’ हा एकच शब्द येतो. शब्द गेला म्हणजे त्याच्या पोटातील निर्णयही जातो. मग उरलेल्या सामान्य नामापुढे विशेषणांची रास घालणे एवढेच हाती राहते. मनाजोगत्या तलवारीची कल्पना पुष्कळदा चित्र होऊन बसते, वस्तू होत नाही, याचे मूळ येथे आहे.

यावर उपाय व्याकरणातच सापडण्यासारखा आहे. तलवार कशी असावी, हे विशेषणांनी सांगण्यापूर्वी तिने काय करावयाचे, हे क्रियापदाने सांगावे. ती छाटणार की भोसकणार? घोड्यावरून चालविली जाणार की पायउतार होऊन? एका हाताने परजली जाणार की दोन्ही हातांनी धरली जाणार? की भिंतीवर टांगली जाऊन नुसती पाहिली जाणार? शेवटचे क्रियापदही निषिद्ध मानण्याचे कारण नाही. फक्त ते प्रामाणिकपणे उच्चारले पाहिजे. क्रियापद ठरले, की कोणत्या विशेषणांवर पाणी सोडावयाचे हे आपोआप ठरत जाते. वराहमिहिराने खड्गाचे मूल्य सांगू नये, त्याचे मूळ स्थान सांगू नये आणि त्यात आपले तोंड पाहू नये, असेही बजावले आहे. आजच्या हौशी मनुष्यास यांतील पहिले दोन निर्बंध पाळणे अवघड जाईल. तिसरा मात्र त्याने जरूर ध्यानी धरावा. कारण मनात घडविलेल्या तलवारीत मनुष्य बहुधा स्वतःचेच तोंड पाहत असतो.