बाराची गंमत

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी, अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १२ घ्या. १ आणि २ मिळून ३. ३ ने १२ ला भाग जातो.

आता दहाऐवजी आठाचे गट करून मोजू. डझनभर केळी म्हणजे एक आठ आणि वर चार, लिहायचे १४. अंकांची बेरीज ५, आणि बाराला पाचाने भाग जात नाही. हर्षदपण गेले! केळी मात्र तेवढीच. तिघांत सारखी वाटता येतातच. म्हणून संख्येचा चमत्कार कुणी सांगितला, की मी विचारतो : हा गुण संख्येचा, की लिहिण्याच्या पद्धतीचा? १, २, ४ आणि ६ या चारच संख्या सर्व पद्धतींत हर्षद राहतात.