परदेशातील पदवी आणि चिकित्सालयीन मानसशास्त्राचे शिक्षण

गोवा व सीमाभागातील अनेक कुटुंबांतील मुलेमुली अलीकडे मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी परदेशी जातात. कोणी ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी घेतात, तर कोणी येथील बी.ए.नंतर एक वर्षाची एम.एस्सी. करून परततात. त्यासाठी बँकेचे कर्ज काढले जाते. प्रसंगी जमीन वा दागिने गहाण पडतात. शिक्षण संपवून परत आल्यावर मात्र पुष्कळांपुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहते. प्रमाणपत्रावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ असे शब्द असूनही त्यांना भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. असे का होते आणि पुढील शिक्षणासाठी अर्ज करताना कोणती काळजी घ्यावी, हे विद्यार्थी, पालक व शिक्षक यांनी आधीच समजून घेणे हिताचे आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची गणना पुनर्वास व्यावसायिकांत होते. परिषदेने मान्य केलेली अर्हता असल्याखेरीज आणि केंद्रीय नोंदवहीत नाव दाखल झाल्याखेरीज हा व्यवसाय करता येत नाही. या तरतुदीचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्येही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या या परिषदेच्या मान्यतेशीच जोडलेली आहे.

या बंधनामागील हेतू उघड आहे. रुग्णाच्या मनाची तपासणी करणे, मुलाच्या बुद्धिमांद्याचे प्रमाण ठरवणे, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाशी संवाद साधणे ही कामे केवळ पुस्तकी ज्ञानावर सोपवता येत नाहीत. त्यासाठी अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते.

हा नियम केवळ भारतातच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे पद २००९ पासून कायद्याने संरक्षित असून तेथे त्यासाठी डॉक्टरेट दर्जाचे तीन वर्षांचे प्रशिक्षण लागते. अमेरिकेतही सामान्यतः डॉक्टरेट व राज्याचा परवाना आवश्यक असतो. म्हणजेच एक वर्षाच्या एम.एस्सी.ने त्या देशातही हा अधिकार मिळत नाही. ती पदवी पुढील शिक्षणाची पायरी ठरते. प्रवेशाच्या जाहिराती वाचताना हा फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दोन वेगळी दारे

परतलेल्या विद्यार्थ्याने दोन गोष्टींची गल्लत करू नये. पहिली गोष्ट समकक्षतेची, दुसरी व्यावसायिक नोंदणीची.

परदेशातील बी.एस्सी. वा एम.एस्सी. ही येथील त्या पातळीच्या पदवीइतकी धरावी की नाही, हा समकक्षतेचा प्रश्न होय. पूर्वी हे काम प्रामुख्याने भारतीय विद्यापीठ संघ पाहत असे. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने यासंबंधी स्वतंत्र विनियम अधिसूचित केले. ब्रिटनमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीसंबंधीची जुनी अडचण जुलै २०२२ मधील भारत-ब्रिटन करारामुळे बरीच दूर झाली आहे.

समकक्षतेने पुढील अभ्यासक्रमास अर्ज करण्याचा मार्ग खुला होतो. व्यवसायाचा परवाना मिळत नाही. समजा, पेडणे तालुक्यातील एका विद्यार्थिनीने ब्रिटनमध्ये मानसशास्त्राची एम.एस्सी. केली आणि तिला समकक्षता मिळाली. तरीही पुनर्वास परिषदेने मान्य केलेला चिकित्सालयीन अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणी केल्यावाचून तिला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येणार नाही.

अभ्यासक्रमांतील बदल

अनेक वर्षे या व्यवसायाचा राजमार्ग म्हणजे एम.ए.नंतरची दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. पदवी हा होता. बंगळूरची निम्हान्स व रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था ही त्याची नामांकित केंद्रे होत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांद्वारे एम.फिल. पदवी बंद केली. मात्र चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोरुग्ण-समाजकार्य या दोन विषयांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत प्रवेशाची मुभा दिली. दरम्यान पुनर्वास परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्रातील एम.ए. व ‘साय.डी.’ म्हणजे व्यावसायिक डॉक्टरेट असे नवे अभ्यासक्रम आखले. त्यामुळे ओळखीच्या ज्येष्ठ विद्यार्थ्याने चार वर्षांपूर्वी दिलेल्या सल्ल्यावर विसंबून अर्ज करू नये. त्या वर्षाचे माहितीपत्रक व परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः पाहावी.

अर्ज करण्यापूर्वी

परदेश सोडण्यापूर्वीच पुढील गोष्टी करून घेतल्यास नंतरचे हेलपाटे वाचतात.

१. केवळ पदवी प्रमाणपत्र पुरेसे नसते. विषयवार गुणपत्रक, प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि प्रात्यक्षिक कामाचा दाखला विद्यापीठाकडून घ्यावा.

२. प्रवेशासाठी किमान टक्केवारीची अट असते, एम.फिल.साठी ती सर्वसाधारणपणे ५५ टक्के होती. ब्रिटनमध्ये गुणदान कडक असून ७० टक्क्यांपासून प्रथम वर्ग धरला जातो. तेथे ५३ टक्के मिळवून सन्मानाने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी येथे अपात्र ठरू शकतो. अमेरिकेतील श्रेणीगुणांचे टक्क्यांत रूपांतर कसे करावे, याचे पत्र विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावे.

३. कागदपत्रांवर त्या देशाचा ‘अपोस्टिल’ शिक्का घ्यावा. भारत या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये सामील झाला आहे.

४. शिक्षण प्रत्यक्ष वर्गात झाले की दूरस्थ पद्धतीने, तसेच ते मूळ विद्यापीठात झाले की दुसऱ्या संस्थेमार्फत, याचा पुरावा जपून ठेवावा.

५. परदेशी पदवीसंबंधी शंका असल्यास संबंधित संस्थेकडून लेखी उत्तर मिळवावे. तोंडी आश्वासनावर शुल्क भरू नये.

भाषेची तयारी

प्रवेश परीक्षा व मुलाखत यांत विद्यार्थ्याचे ज्ञान पारखले जाते. पण प्रशिक्षण सुरू झाल्यावर खरी कसोटी भाषेची लागते. परदेशात शिकलेला विद्यार्थी नैराश्याची लक्षणे इंग्रजीत अचूक सांगतो. समोरची बाई मात्र ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात त्राण नाही’, ‘कुणीतरी करणी केली’ अशा शब्दांत आपले दुःख मांडते. ते शब्द कानाआड करणाऱ्यास निदान साधत नाही.

मानसिक कसोट्यांचेही तसेच आहे. पाश्चात्त्य मुलांसाठी रचलेले प्रश्न येथील मुलांस जसेच्या तसे लावणे अन्यायाचे ठरते. म्हणूनच व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कानडी रूपांतर केले. पुढे मालिन यांनी नागपूर येथे वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या कसोटीला भारतीय रूप दिले. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याने मुलाखतीपूर्वी अशा कसोट्यांचा परिचय करून घ्यावा आणि शक्य असल्यास एखाद्या नोंदणीकृत तज्ज्ञाच्या हाताखाली काही काळ निरीक्षण करावे.

हा मार्ग लांबचा आहे. परदेशातील शिक्षणानंतर आणखी काही वर्षे अभ्यास करावा लागेल, हे गृहीत धरूनच कर्जाचा व खर्चाचा हिशेब मांडला पाहिजे. उच्च माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी ही माहिती बारावीच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना वेळीच दिली, तर अनेक घरांची फसगत टळेल. तसेच, गावातील रुग्णाला सल्ला देणाऱ्याचे नाव परिषदेच्या नोंदवहीत आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे, आणि तो त्याने निःसंकोचपणे बजावावा.