इशारा एक, अर्थ तीन

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात कॉलेज रोडवर प्रादेशिक हवामान केंद्राचे आवार आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये मद्रास वेधशाळा उभारली ती याच जागी. त्या वेधशाळेतील ग्रॅनाइटचा एक खांब तिथे अजून उभा असून त्यावर लॅटिनबरोबर तमिळ व तेलुगू भाषांतही मजकूर कोरलेला आहे. कोरणाऱ्यांचा हेतू स्वतःची कीर्ती टिकवण्याचाच होता. पण वाचणारा कोण असेल, याचे भान त्यांनी ठेवले होते. आज त्याच आवारातून तमिळनाडूसाठी हवामानाची पत्रके निघतात. त्यांतील इंग्रजी शब्द काळजीपूर्वक निवडलेले असतात. आपल्या भाषांत येईपर्यंत मात्र त्यांच्यातील भेद पुसला जातो. माझ्या मते हा प्रश्न भाषाशुद्धीपेक्षा आपत्ती व्यवस्थापनाचा अधिक आहे.

भारतीय हवामान विभागाच्या रंगसंकेतात हिरवा रंग वगळता प्रत्येक रंगाला एक शब्द आणि एक कर्तव्य जोडलेले आहे. पिवळा म्हणजे ‘वॉच’: माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे ‘अलर्ट’: तयारी करा. लाल म्हणजे ‘वॉर्निंग’: कृती करा. चक्रीवादळाच्या सूचनांतही हाच क्रम आहे. आधी ‘प्री-सायक्लोन वॉच’, मग किमान ४८ तास अगोदर ‘अलर्ट’ आणि किमान २४ तास अगोदर ‘वॉर्निंग’. शब्दकोशात हे तीन शब्द शेजारी वाटतील, पण प्रशासनाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात नियंत्रण कक्ष जागा राहतो, दुसऱ्यात बोटी व पथके सज्ज होतात, तिसऱ्यात माणसे हलवली जातात.

वृत्तपत्रे आणि वाहिन्यांवर मात्र ‘यलो अलर्ट’, ‘ऑरेंज अलर्ट’, ‘रेड अलर्ट’ असा एकच शब्द तीन रंगांत फिरतो. मराठीत तिन्हींना ‘इशारा’ म्हणतात. ऐकणाऱ्याला धोका कमी की जास्त एवढे कळते. आपण आता काय करायचे, हे कळत नाही. पावसाळ्यात तीन-तीन महिने रोज ‘इशारा’ ऐकणारा माणूस खऱ्या संकटाच्या दिवशीही तो शब्द सवयीने ऐकून सोडून देतो.

दुसरा घोटाळा ‘शक्यता’ या शब्दाचा. विभागाच्या परिभाषेत ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक संभव. मराठी बातमीत हे सारे ‘पावसाची शक्यता’ होते. पाव हिश्शाचा संभव आणि जवळजवळ खात्री एकाच शब्दात बसल्यावर, पाऊस आला नाही की अंदाज चुकला, असाच निष्कर्ष निघणार.

१६ ऑक्टोबर २०२४ साठी चेन्नई व शेजारच्या जिल्ह्यांना लाल इशारा होता. वेळाचेरीच्या रहिवाशांनी आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या. त्या दिवशी शहरात अपेक्षित अतिवृष्टी झाली नाही आणि १७ तारखेला पहाटे कमी दाबाचे तीव्र क्षेत्र चेन्नईच्या उत्तरेकडून किनारा ओलांडून गेले. त्यानंतर समाजमाध्यमांवर थट्टा झाली. वास्तविक २०१५ चा पूर अनुभवलेल्या या लोकांनी लाल रंगाचा अर्थ अचूक ओळखला होता. लाल इशारा हे पावसाचे वचन नसते. संभव आणि संभाव्य हानी या दोहोंचा मेळ घालून रंग ठरतो. थट्टेचा धाक घेऊन पुढच्या वेळी कोणी मोटार, किंवा आजारी आई, तळमजल्यावरच ठेवली तर किंमत फार मोठी असेल.

शब्द नेमके झाले म्हणून विज्ञान अचूक होत नाही, हेही खरे. ३० डिसेंबर २०२१ रोजी चेन्नईवर पाऊस कोसळला तेव्हा पुरेशी पूर्वसूचना नव्हती. मुख्यमंत्री स्टालिन यांनी त्याबाबत केंद्राला पत्रही लिहिले. त्यासाठी रडार, संगणक आणि मनुष्यबळ हवे. पण हाती आलेली माहिती भाषेअभावी वाया घालवणे अक्षम्य आहे.

मराठीला हे अशक्य नाही. ‘आयसोलेटेड’, ‘स्कॅटर्ड’, ‘फेअरली वाइडस्प्रेड’ आणि ‘वाइडस्प्रेड’ यांसाठी ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ हे प्रतिशब्द मराठी अंदाजात रुळले आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम ७४. मुंबईकराला ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचे गांभीर्य वेगळे समजावून द्यायला नको.

मग कर्तव्याचे शब्दही तसेच ठरवता येतील: पिवळ्यासाठी ‘लक्ष ठेवा’, नारिंगीसाठी ‘सज्ज राहा’, लालसाठी ‘कृती करा’. रंग पुरेसा आहे, असा आक्षेप येईल. पण रेडिओवर, देवळाच्या ध्वनिक्षेपकावर किंवा तलाठ्याच्या दूरध्वनीवर रंग दिसत नाही. तिथे शब्दच पोहोचतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. त्यांनी लाल सूचनेबरोबर कोणती वस्ती हलवायची, कोणत्या शाळेत आसरा आहे आणि कोणता पूल बंद होणार, हे त्याच संदेशात सांगावे. संभव टक्क्यांऐवजी ‘दहापैकी सात’ असा सांगितला तर तो सर्वांना कळेल.

राज्य प्राधिकरण, हवामान विभाग आणि वृत्तसंपादक यांनी एकत्र बसून एका पानाची शब्दसूची मान्य करायला खर्च जवळजवळ नाही. ती पुढच्या जूनपूर्वी तयार व्हावी आणि ग्रामपंचायतीपासून वाहिन्यांपर्यंत सर्वांनी तीच वापरावी.