सर्वांसाठीं एक वर्ग

वर्ग भरला, हजेरी झाली, म्हणजे सर्व मुलें शिकूं लागलीं असें आपण समजतों. परंतु शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत आम्हांस प्रथम हेंच सांगण्यांत आलें कीं, बाकावर बसलेलें प्रत्येक मूल शिक्षणांत सामील झालेलें असतेंच असें नाहीं. ज्यास फळा दिसत नाहीं, शब्द नीट ऐकूं येत नाहींत, किंवा अक्षरें लवकर उलगडत नाहींत, तें बहुधा 'आळशी' ठरतें.

उपाय मात्र साधे आहेत. फळ्याकडे तोंड करून बोलूं नये. कमी ऐकणाऱ्या मुलास शिक्षकाचे ओठ दिसावे लागतात. फळ्यावरील प्रत्येक ओळ लिहितांना मोठ्यानें वाचावी. वाचनास विलंब लागणाऱ्यास तोंडी उत्तराची मुभा द्यावी. एकाकरितां केलेली ही सोय सर्वांसच उपयोगी पडते.

मुंबईंत बिशप मेरिन यांनीं १८८५ सालीं मूकबधिरांकरितां, व मिस ॲना मिलर्ड यांनीं १९०० सालीं अंधांकरितां शाळा काढली. त्या काळीं स्वतंत्र शाळा हाच मार्ग होता. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें अशा मुलांस इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे.

ज्याचें म्हणणें वर्गांत कोणी ऐकत नाहीं, तें मूल संकटाची गोष्टही सांगण्यास धजत नाहीं. म्हणून सुरक्षिततेचा विषय याच्याशीं निगडित आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें छडी व मानसिक छळ दोन्ही मना आहेत. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा सांगतो कीं, असा गुन्हा ज्यास समजेल त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. यास्तव मूल 'कोणास सांगूं नका' असें म्हणूं लागल्यास शिक्षकानें तसें वचन देऊं नये. शांतपणें ऐकावें, उलटतपासणी करूं नये, मुलाचेच शब्द टिपून ठेवावे, व 'तूं सांगितलेंस हें बरें केलेंस. यांत तुझा दोष नाहीं,' असें म्हणावें.

पालकांसही आमची हीच विनंति आहे. मूल कांहीं सांगूं लागलें, तर आधीं ऐका. रागें भरणें किंवा 'लोक काय म्हणतील' हा विचार नंतर. आणि विद्यार्थिमित्रहो, घरीं वा शाळेंत सांगण्यास कोणी नसेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि रात्रंदिवस मोफत चालू असतो. मागें राहिलेल्या सोबत्यास आपल्या शेजारीं बसवून घ्या. हरवलेल्या एका मेंढरासाठीं नव्याण्णव सोडून जाणारा मेंढपाळ आपण सर्वजण जाणतों. शाळेची खरी परीक्षाही त्या एकावरूनच होते.