नेरळच्या घाटातील गाडी आणि तिचे राखणदार

रेल्वेचे मुख्य काम गाडी ओढण्याचे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु नेरळ स्थानकातून निघून माथेरानच्या पठारावर जाणाऱ्या दोन फुटी रुळांच्या मार्गावर काही काळ घालवावा, तेथील शेडमध्ये आणि घाटात राबणाऱ्या माणसांचा दिनक्रम जवळून पाहावा, म्हणजे गाडी ओढणे हे या कामाचे त्यातल्या त्यात सोपे अंग असून तिला आवरून धरणे हेच कसोटीचे अंग आहे, हे पुरतेपणी ध्यानात येते. सुमारे 21 किलोमीटरांच्या या वाटेत गाडी साडेसातशे मीटरांच्या आसपास उंची गाठते, आणि सर्वांत बिकट ठिकाणी वीस फूट पुढे सरकताना एक फूट वर चढते. अशा चढावर उभ्या असलेल्या वीस टन वजनाला एक टनाचे बळ अहोरात्र दरीच्या दिशेने खेचीत असते. चढताना त्यावर इंजिनाने मात करायची, आणि उतरताना तेच बळ ब्रेकांनी, क्षणभरही न विसंबता, पेलायचे. त्यातही चाक पोलादाचे आणि रूळही पोलादाचा. कोरड्या दिवशी दोहोंची पकड पुरेशी असते, पण धुके उतरले, झाडांची पाने रुळावर चिरडून त्यांचा बुळबुळीत थर बसला, की तीच पकड निम्म्याहून कमी होते, आणि मग चाकाखाली वाळू सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सर आदमजी पीरभॉय यांच्या द्रव्यबळावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी 1904 साली हा मार्ग बांधण्याचे काम हाती घेतले आणि 1907 साली ते तडीस नेले. त्यास सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला. डोंगर फोडून सरळ जाण्याऐवजी डोंगराच्या अंगाअंगाने वळसे घेत जाण्याची तजवीज त्यांनी केली, आणि म्हणूनच संपूर्ण मार्गात बोगदा असा एकच, तोही अगदी लहान, आहे. परंतु बोगद्यांवर वाचलेला खर्च वळणांच्या रूपाने पुढील शतकाला फेडावा लागला, असे मला वाटते. अर्धवर्तुळाकार वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा सुमारे दोन मीटरांनी अधिक लांब असतो. आणि एकाच आसावर पक्की बसविलेली दोन्ही चाके तर एकाच वेगाने फिरणार. चाकाच्या धावेला दिलेल्या निमुळत्या उताराने हा फरक थोडाफार भरून निघतो. पण इतक्या आवळ वळणावर तेवढ्याने भागत नाही, एक चाक घसटत जाते, बाहेरच्या चाकाची कड रुळाच्या कुशीला घासते, आणि प्रवाशांना जो कर्कश किंकाळीसारखा स्वर ऐकू येतो, तो या झिजेचाच होय. ऑरेन्स्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याकडून आलेल्या मूळच्या वाफेच्या इंजिनांचे टोकाचे आस याच कारणास्तव वळणावर बाजूला सरकतील असे घडविलेले होते.

नेरळच्या शेडमध्ये डब्याखाली वाकून बसलेला फिटर पाहिला, तर त्याचा निम्मा वेळ या कडेच्या निगराणीत जातो असे दिसते. तो मापपट्टी चाकाला लावतो, कड किती पातळ झाली ते बघतो, आणि ती पातळ होताहोता धारदार झाली आहे काय, हे बोटाने चाचपून घेतो. कारण पातळ कड तुटण्याचे भय असते, आणि धारदार कड रुळांच्या सांध्यातून वर चढण्याचे. ब्रेकचे ठोकळे तर या घाटात सपाटीवरच्या गाडीच्या मानाने फारच लवकर झिजतात, आणि ते बदलण्याचे काम उद्यावर ढकलण्याची मुभा कोणासच नाही.

शेडच्या बाहेरचे काम रुळावरच्या माणसाचे. खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत लाल-हिरवी निशाणे, अशा सरंजामानिशी कीमन आपल्या वाट्याचा पल्ला पायी तुडवीत असतो. रूळ जखडून धरणारी चावी सैल झाली असल्यास ठोकून बसविणे, रुळांचा सांधा जोडणाऱ्या फिशप्लेटचा बोल्ट आवळणे, स्लीपराखालची खडी वाहून गेली असल्यास मुकादमास वर्दी देणे, हे त्याचे नित्याचे काम. परंतु त्याहून महत्त्वाचे असते ते त्याचे पाहणे. कडेच्या कातळात नवी भेग दिसते काय, वरच्या अंगाचे झाड काल होते त्याहून कलले आहे काय, मोरीचे तोंड मातीने बुजले आहे काय, याचा हिशेब तो चालता चालता मनाशी मांडीत असतो. बरोबर चालत असता एक कीमन मला म्हणाला, "काल रूळ जसा होता तसाच आज असेल, हे धरून चालायचं नाही." सुरक्षिततेविषयी मी जे काही वाचले आहे, त्यात याहून नेमके वचन मला आढळलेले नाही.

ब्रेकांचा इतिहास या मार्गावर विशेष मननीय आहे. पूर्वी डब्याडब्यावर ब्रेकवाला उभा असे, आणि इंजिनाच्या शिटीचा इशारा ऐकून तो हाताने ब्रेक आवळी किंवा सैल करी. म्हणजे गाडीचा तोल त्या सर्वांच्या कानांवर आणि मनगटांवर अवलंबून असे. 2016 च्या मे महिन्यात अमन लॉज स्थानकाच्या परिसरात डबे रुळावरून घसरल्यावर वाहतूक स्थगित झाली, आणि पुन्हा सुरू करताना डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसविण्यात आले. या ब्रेकांचे मर्म असे, की नळीतील हवेचा दाब टिकून आहे तोवरच ते सुटलेले राहतात. नळी फाटली, डबा तुटला, कोठेही काही बिघडले, की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या करमणुकीच्या उद्यानांतील गडगडत्या पाळण्यांनाही हेच तत्त्व लागू असते: बिघाड झाला तर यंत्राने थांबलेच पाहिजे, धावता कामा नये. ज्या यंत्राला थांबण्यासाठी कोणाच्या तरी हुकुमाची वाट पाहावी लागते, ते माणसांना बसविण्यास पात्र नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही त्या जुन्या ब्रेकवाल्यांविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो यामुळे तिळमात्र उणा होत नाही.

सहलीस येणाऱ्यांना ही गाडी करमणुकीची वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु माथेरानात रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता मोटारींना मज्जाव आहे. भाड्याच्या गाड्या अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि तेथून पुढे पायी, घोड्यावर किंवा रिक्षाने जावे लागते. त्यामुळे अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा छोटा टप्पा तेथील रहिवाशांच्या दृष्टीने निखळ दळणवळणाचा आहे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवला जातो, पण वरची ही शटल गाडी चालू राहते. आणि त्या दिवसांत भिजलेल्या बोचक्यांसह तीत बसलेली माणसे पाहिली, म्हणजे या मार्गाचा जमाखर्च केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर मांडणे किती अन्यायाचे आहे, हे पटते.

26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत हा मार्ग इतका उद्ध्वस्त झाला, की तो पूर्ववत व्हावयास 2007 साल उजाडले. 2019 च्या पावसाने पुन्हा तोच प्रसंग आणला, आणि नेरळहून थेट माथेरानपर्यंत गाडी धावली ती 2022 च्या ऑक्टोबरात. या दोन्ही खेपांस लोकांनी दिरंगाईची तक्रार केली, आणि ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण खचलेला भराव बांधून काढल्यावर तो मुरावा लागतो, आणि त्यावरून भरलेली गाडी नेण्यापूर्वी रिकामी गाडी पुनःपुन्हा नेऊन पाहावी लागते. म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की पावसाळा सरल्यावर नेरळला जाल आणि गाडी अद्याप सुरू झालेली नाही असे खिडकीवर कळेल, तर त्या बाबूंशी हुज्जत घालू नका. घाटात त्या वेळी कोणी तरी रूळ तपासत चाललेला असतो.