जुन्या अँबॅसडरला नवा प्राण

आपल्या अंगणात वडिलांची अँबॅसडर गाडी धूळ खात उभी असेल, तर ती भंगारात काढण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. आता नवी मिळणे नाही. परंतु इंजिन, इंधनाची टाकी व धुराची नळी काढून त्या जागी विजेची मोटर व बॅटऱ्या बसविता येतात. बॅटऱ्यांचा भार पुढेमागे वाटावा लागतो. नाहीतर गाडीचा तोल बिघडतो.

एका युनिटात गाडी पाच किलोमीटर धावते असे धरल्यास कचेरीच्या चाळीस किलोमीटरांच्या जाण्यायेण्यास आठ युनिटे पुरतात. रात्री घरीच बॅटऱ्या भरता येतात. मात्र हा खर्च काही लाखांच्या घरात जातो. म्हणून प्रथम सांगाडा गंजलेला नाही ना, ब्रेक धड आहेत ना, हे तपासावे. आपल्या गाडीस हा बदल करता येतो की नाही, हे परिवहन कार्यालयात आधीच विचारावे व मान्यताप्राप्त संचच बसवावा.

इंजिनाची ओळखीची घरघर हरपेल, हे खरे. पण बालपणी ज्या आसनावर बसून आपण सहलीस गेलात, तेथेच उद्या आपली मुले बसतील. हे समाधान का थोडे आहे?